काकूंच्या ड्राइव्हवेवरचं तांबं

काकूंच्या घरात दोन इस्त्र्या होत्या आणि त्यातली कपड्यांची कुठली, हे फक्त काकूंनाच ठाऊक होतं. काकांनी एकदा घाईघाईत दुसरी उचलली आणि एका लग्नाच्या रिसेप्शनला ते पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर काळ्या रेघा मिरवत गेले. तिथे कुणीतरी विचारलं, "डिझायनर शर्ट का हो?" काकांनी हो म्हणून टाकलं. काका कशालाच नाही म्हणत नसत. "आमचा संसार त्या एका गुणावर टिकलाय," असं काकू म्हणायच्या, आणि त्यालाही काका हो म्हणायचे.

मी त्यांचा भाडेकरू होतो. मास्टर्स करून ह्यूस्टनजवळच्या एका लहानशा कंपनीत नोकरीला लागलो आणि शुगर लँडमध्ये त्यांची वरची खोली मिळाली. मी नागपूरचा, मला उन्हाचा धाक नाही, असं मी पहिल्याच दिवशी काकूंना ऐकवलं. पण शुगर लँडचं ऊन कोरडं नसतं, ते अंगाला चिकटतं. खोके वर चढवता चढवता माझं पार पोतेरं झालं. काकूंनी कोकम सरबताचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "नागपूरचं ऊन नुसतं तापतं. इथलं कामाला येतं."

कामाला येतं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. ऑफिसला जायला खाली आलो तर माझ्या गाडीच्या बरोबर मागे, ड्राइव्हवेच्या मधोमध, केक भाजायचं काचेचं भांडं ठेवलेलं. त्यात गडद तपकिरी पाणी. शेजारी दगडाखाली मराठीत चिठ्ठी: 'चहा नाही.' आणि जवळच फोल्डिंगच्या खुर्चीवर काकू. डोक्यावर काकांची बेसबॉलची टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्या भांड्याला सावकाश झोके देत होत्या.

"गाडी नको काढूस आत्ता," त्या म्हणाल्या. "बोर्ड होतोय."

"काकू, मला ऑफिसला उशीर होऊन राहिला ना."

"मग होऊन राहू देऊ नकोस. चालत जा."

ऑफिस वीस मैलांवर होतं. नाइलाजाने मी उभा राहून बघायला लागलो आणि तिथेच अडकलो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, दोन डिग्र्या घेतलेला, पण सर्किटचा बोर्ड तयार होताना मी जन्मात पाहिला नव्हता. आम्ही कॉम्प्युटरवर रेघा ओढतो, फाइल पाठवतो आणि आठवड्याभराने खोक्यातून हिरवे चकचकीत बोर्ड येतात. काकूंच्या भांड्यात पत्त्याएवढी एक पाटी होती, वरून तांबं चढवलेली. त्या तांब्यावर काळ्या रेघा. जिथे काळं होतं तिथलं तांबं सुरक्षित, आणि जे उघडं होतं ते तपकिरी पाणी हळूहळू खात होतं. ते पाणी उन्हाने तापलं की भराभर खातं. बघता बघता कडेचं तांबं विरलं, मग मधलं गेलं, आणि शेवटी नुसत्या रेघा उरल्या. काकूंनी चिमट्याने पाटी उचलली, बादलीत बुडवली आणि उन्हात धरून बघितली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर पुष्कळदा पाहिलं. नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात मी ऑफिसात पाऊण तास उशिरा पोचलो, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे धीर करून एकदा विचारलं, "काकू, बाहेरून मागवले तर पाच बोर्ड घरपोच येतात. कशाला हा खटाटोप?"

"पोळ्यासुद्धा घरपोच येतात. पाकिटात, गोठवलेल्या. तुझ्या फ्रीजरमध्ये आहेत त्या. आवडतात?"

काकूंचं सगळं शास्त्र स्वयंपाकघरातून निघून गराजमध्ये जात असे. तांब्याची पाटी त्या चिंच-मिठाने घासायच्या, देवाची भांडी घासावीत तशी. घासून झाली की तिला बोट लावायचं नाही, फक्त कडेला धरायचं. बोटाला तेल असतं, ते तांब्याला लागलं की पुढचं सगळं बिघडतं. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की त्या जगातली कुठलीही सपाट वस्तू कडेलाच धरायच्या. फोटो, ताट, पत्र, गरम डोसा. कुणी आपलं नवं बाळ त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी तेही क्षणभर कडेनेच घेतलं, अशी काकांची गोष्ट आहे. काका फार कमी गोष्टी सांगायचे, म्हणून ती खरी असावी.

कागदाचंही तसंच. काकू आधी हाताने सर्किट काढायच्या, मग त्याची गुळगुळीत कागदावर लेझरची कॉपी काढायच्या, तो कागद तांब्यावर पालथा घालून त्यावर इस्त्री फिरवायच्या. कागद भिजवून सोलला की काळी शाई तांब्यावर राहते. हा गुळगुळीत कागद कुठून आणायचा? तर आमच्या टपालपेटीत घरं विकणाऱ्या एजंटांची चकचकीत पत्रकं येत, ती. सगळी कॉलनी ती कचऱ्यात टाकायची आणि काकू गोळा करायच्या. "ह्या बाईचा कागद उत्तम," त्या एका एजंटीणबाईच्या हसऱ्या फोटोकडे बोट दाखवून सांगत. "पण तो टायवाला? अजिबात चिकटत नाही. मी त्याच्याकडून घर घेणार नाही."

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी घरी आलेल्या एका बाईंनी गराजमधले बोर्ड बघून कौतुकाने म्हटलं, "अय्या, किती सुरेख! अगदी रांगोळीच वाटतेय."

"रांगोळी चुकली तर पुसता येते हो," काकू म्हणाल्या. त्या बाईंना चहा एकदाच मिळाला.

आता ह्या सगळ्या बोर्डांचं त्या करायच्या काय? त्यांचं मोठं काम म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं यंत्र. ओट्यावर एक छोटी डबी, तिला एक कान. शिट्टी ऐकली की आकडा एकाने वाढायचा आणि तीन झाल्या की डबी ओरडायची. कल्पना झकासच होती. फक्त काकांची शिंक त्या डबीला शिट्टी वाटे. त्यांना सकाळी लागोपाठ शिंका यायच्या आणि आमची डाळ कच्ची राहायची. काकूंनी त्यावर वर्षभर काम केलं. डबीत सुधारणा करून करून त्या थकल्या आणि शेवटी काकांना ॲलर्जीची गोळी सुरू केली.

मग एकदा कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. अमेरिकेत घर तुमचं असलं तरी त्याच्या दर्शनी भागाचं पावित्र्य असोसिएशनकडे असतं. गवत किती उंच, कचऱ्याचा डबा कुठे, सगळ्यावर त्यांचा डोळा. पत्रात लिहिलं होतं की आपल्या ड्राइव्हवेवर एका अज्ञात तपकिरी द्रवाचे डाग आढळले आहेत. काका पत्र वाचून पांढरे पडले. काकूंनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. मी ते कॉम्प्युटरवर टाइप करून दिलं, म्हणून मला पाठ आहे: 'द्रव अज्ञात नाही. तो फेरिक क्लोराइड आहे. काम झालं की आम्ही तो दुधाच्या कॅनमध्ये भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन देतो. डाग पडले हे खरं, त्याबद्दल दिलगीर आहोत. तुम्ही तुमच्या गवतावर काय फवारता ते मात्र आम्हाला अजून अज्ञात आहे.' चार दिवसांनी दोन गृहस्थ आले, डागांचे फोटो काढले, डबीसमोर उभं राहून शिट्टी वाजवून पाहिली, चकल्या खाल्ल्या आणि म्हणाले, हे मागच्या अंगणात करता येईल का? काकू म्हणाल्या, मागे सकाळचं ऊन नाही. शेवटी भांड्याखाली मोठा प्लास्टिकचा ट्रे ठेवायचा असा तह झाला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मीही नेत होतो. पण ह्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. काकूंना नोकरी हवी होती. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांना कुणीतरी सकाळी कामावर बोलावावं असं वाटत होतं.

लग्नाआधी काकू भोसरीच्या एका कारखान्यात होत्या. तिथे काचेच्या टेबलाखाली दिवा लावलेला, टेबलावर पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर काळ्या टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवून सर्किट काढायचं, खऱ्याच्या दुप्पट आकारात. वळण आलं की टेप बोटाने हळूच वळवायची, ब्लेडने कापायची. मग कॅमेरा ते निम्मं करून बोर्डावर उतरवायचा. "कॉम्प्युटर कुठला रे तेव्हा. कारखान्यातला प्रत्येक बोर्ड आमच्या पाच पोरींच्या बोटांखालून जायचा," काकू मटार सोलता सोलता सांगत होत्या. "चार वर्षं केलं. मग लग्न झालं. हे इथे शिकायला. माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. मग पोरं. मग यांचं आजारपण. परवानगीचं कार्ड आलं तेव्हा मी आनंदाने पहिली चौकशी केली, तर काय? टेपचं कामच संपलं होतं. सगळं कॉम्प्युटरवर."

"मग कॉम्प्युटरवर शिकायचं ना, काकू."

"शिकले की. दोन कोर्स केले. पण मला कोण घेणार? अनुभव विचारतात."

त्या वर्षी त्या मला ऑनलाइन अर्ज भरायला बसवायच्या. त्यात 'शेवटची नोकरी' असा रकाना असतो आणि साल निवडायची यादी असते. ती यादी मागे मागे जात जात संपायची, आणि काकूंचं साल त्याच्याही मागे राहायचं. 'नोकरी सोडण्याचं कारण' ह्यापुढे त्यांनी लिहायला लावलं: लग्न. 'मधल्या काळात काय केलंत' ह्यापुढे: बोलावलंत तर सांगेन. मला तेव्हा हसू आलं. नंतर त्या अर्जांना एकही उत्तर येत नाही हे बघत गेलो तशी त्या हसण्याची लाज वाटायला लागली.

आता माझी चूक सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं घडलंच नसतं.

आमची कंपनी तेलविहिरींवरचा दाब मोजायची उपकरणं बनवते. मॅनेजर एक उंच, करड्या केसांची टेक्सन बाई, बाराही महिने काउबॉय बूट घालणारी. एक दिवस तिने माझ्या टेबलावर एक मोठी पिवळट फिल्म आणून ठेवली. एका जुन्या गिऱ्हाइकाकडच्या दोन उपकरणांचे बोर्ड जळाले होते. बोर्ड कित्येक वर्षांपूर्वीचा, फाइल नाही, नकाशा नाही, फक्त ही काळ्या टेपची फिल्म. "ही कॉम्प्युटरवर उतरव आणि डझनभर बोर्ड मागव," ती म्हणाली. "येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी त्यांचा माणूस न्यायला येईल. तोवर त्यांचं काम बंद आहे."

मी फिल्म स्कॅन केली, तिच्यावर रेघा ओढल्या, फाइल पाठवली. शुक्रवारी सकाळी बारा सुंदर हिरवे बोर्ड आले. मी एकावर सगळे भाग बसवले, वीज दिली, आणि धूर निघाला. दुसरा बसवला. पुन्हा धूर. मग दोन्हींकडे नीट पाहिलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळंच्या सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. उपकरणाच्या खाचेतसुद्धा बोर्ड बसेनात. फिल्म कुठल्या बाजूने बघायची, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

मॅनेजर ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "नवे यायला किती दिवस?" मी म्हटलं, घाई केली तरी सहा. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"माझ्या ओळखीत एक बाई आहेत," मी म्हणालो. "त्या असं काम करायच्या."

"असं म्हणजे?"

"असंच. टेपचं."

तिने मला फिल्म घरी न्यायची परवानगी दिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशातला प्रकार होता.

काकूंनी फिल्म अर्थातच कडेने घेतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. मी मागे उभा. त्या डोळे बारीक करून एकेक कोपरा बघत गेल्या. मला वाटलं, नाही समजत. मग त्यांनी बोट हवेतच ठेवून एका रेघेवरून फिरवलं.

"तू मागून बघितलंस. ही भाग बसवतात त्या बाजूने बघायची. टेप आपल्याकडे, तांबं पलीकडे."

"कशावरून?"

"टेपच्या कडा कशा कापल्यात बघ. आणि चूक केलीस ती केलीस, आता तोंड पाडू नकोस, आमच्याकडे दर नव्या मुलाने ही एकदा केलीय." मग त्या पुन्हा फिल्मकडे वळल्या, आणि आवाज एकदम हलका झाला. "किती छान हात आहे रे हिचा. हे वळण बघ. इथे उठली होती, जेवायला वगैरे. इथून पुढे टेपचं दुसरं रीळ आहे. आणि इथे घाई झालीय तिची, कुणीतरी डोक्यावर उभं असणार."

"बाई आहे हे कशावरून?"

"ते मी नाही सांगू शकत. पण डावखुरी आहे. सगळे काप उजवीकडे उतरलेत."

शनिवारी सकाळी आठ वाजता काम सुरू झालं. फिल्म निम्म्या आकारात करून आणायची होती, ते काका जाऊन करून आले. एजंटीणबाईंची पत्रकं काढली. चिंच भिजवली. काकूंनी तीन पाट्या घासल्या आणि मला म्हणाल्या, "नागपूरकर, ही फक्त धरून ठेव." मी धरली. कडेला धरली हो, पण पंधरा मिनिटांपूर्वी मी चिवडा खाल्लेला आणि ती घसरली म्हणून अंगठा आत गेला. दहा वाजता तपकिरी पाण्यातून पहिला बोर्ड बाहेर आला, तर सगळ्या रेघा ठीक आणि मधोमध तांब्यात माझ्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा, एकेक रेष मोजून घ्यावी असा. चिवड्याच्या तेलाने तेवढं तांबं वाचवलं होतं.

"पोलिसांना द्यायला बरा आहे," काकू म्हणाल्या. "आता आत जाऊन साबणाने हात धू आणि परत येऊ नकोस."

मी काचेच्या दारातून बघत होतो. अकराच्या सुमाराला ढग आले. भांडं थंड पडायला लागलं. काकूंनी आकाशाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि काका निमूट आतून गरम पाण्याची परात घेऊन आले. भांडं परातीत ठेवलं. दर थोड्या वेळाने काका पाणी बदलत होते. काकू झोके देत होत्या. दोघांनी मिळून काहीही न बोलता ते काम इतकं सुरळीत केलं की मला कळेना, मला अजून लग्न का करावंसं वाटत नाही. दुपारी जेवणाच्या आत दोन बोर्ड झाले. रविवारी काकूंनी भोकं पाडली, भाग बसवले, सोल्डरिंग केलं. मला हात लावू दिला नाही.

सोमवारी सकाळी मॅनेजरच्या टेबलावर मी दोन्ही बोर्ड ठेवले. हिरवे नव्हते, चकचकीत नव्हते. उघडं तांबं आणि त्यावर चंदेरी थेंब. तिने वीज दिली. दिवा लागला, आकडा आला, बरोबर आला. तिने दुसरा लावला. तोही आला. हे तात्पुरते आहेत, खरे बोर्ड आले की बदलायचे, असं ठरवून गिऱ्हाइकाचा माणूस ते घेऊन गेला.

"हे कुणी केलं?" मॅनेजरने विचारलं. मी सांगितलं. आणि ती फिल्म काढणारी बाई डावखुरी होती म्हणतात, हेही सांगितलं, गंमत म्हणून.

ती एकदम थांबली. मग उठली, मागच्या खोलीत गेली, एका जुन्या टेबलाचा खण उघडून एक कात्री घेऊन आली. "ही कात्री मी इथे लागले तेव्हापासून पाहतेय. कुणाच्याच हातात चालत नाही. आम्हाला वाटायचं, बिघडलेली आहे." तिने ती डाव्या हातात घेतली आणि एक कागद कापला. सरळ कापला गेला. "त्यांना घेऊन ये," ती म्हणाली.

मी घरी फोन केला. पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. मग काकूंनी विचारलं, "काय घालून यायचं असतं रे?"

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. काकू राखाडी पँट आणि निळा शर्ट घालून, पर्समध्ये भोसरीचं ब्लेड. ते दारातल्या सिक्युरिटीने ठेवून घेतलं. त्या आत गेल्या आणि मी काकांबरोबर पार्किंगमध्ये, एसी लावून गाडीत बसलो. काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते, गाडी चालवत असल्यासारखे. तासभर झाला असेल. एकाएकी ते म्हणाले, "मी तिला सांगितलं होतं, दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"कसला, काका?"

"नोकरीचा. विमानतळावर सांगितलं होतं. दोन वर्षांत तुझं होईल काहीतरी." त्यांनी स्टिअरिंग थोडं वळवलं. "मला खरंच तसं वाटलं होतं रे."

मी एसी थोडा कमी केला.

आत काय झालं ते मला नंतर मॅनेजरनेच सांगितलं. तिने काकूंना विचारलं होतं, गेल्या चाळीस वर्षांतला अनुभव सांगा. काकूंनी पर्समधून चिवड्याच्या अंगठ्याचा बोर्ड काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हा बघा. चुका कशा होतात ते मला येतं. तुमच्या इथल्या मुलांना अजून यायचंय." मग मॅनेजर त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे फिल्मचं एक कपाट होतं, वरपासून खालपर्यंत भरलेलं. टेप सुकून गळायला लागली होती. एक पोरगा त्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवेल, पण त्याला कुणीतरी त्या वाचून दाखवायला हवं होतं. आठवड्यातून तीन दिवस. काकूंनी पहिला खण ओढला, एक फिल्म कडेने उचलून दिव्याला धरली आणि म्हणाल्या, "ही त्याच बाईची."

ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी नोकरी बदलून उत्तरेला रेडमंडला आलो, सहा महिने पावसात भिजतो, आणि काकूंच्या भाषेत सांगायचं तर इथलं ऊन कामाला येत नाही. फोन होतो अधूनमधून. कपाटाचे खालचे दोन खण उरलेत म्हणतात, आणि ते संपू नयेत म्हणून त्या मुद्दाम हळू काम करत असाव्यात अशी मला शंका आहे. पण काकूंची आठवण निघाली की मला दिसतो तो त्यांच्या नोकरीचा पहिला दिवस. सकाळी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो होतो. काकांनी डबा भरून दिला होता, जन्मात पहिल्यांदा, त्यात पोळीबरोबर चमचे तीन. संध्याकाळी माझं काम लवकर आटोपलं म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. सगळे निघून गेले होते. शेवटचा माणूस जाताना पुढचे दिवे बंद करून गेला होता. काकू दिव्याच्या टेबलापाशी बसल्या होत्या, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"चला काकू, निघू या. ट्रॅफिक लागेल."

"पाच वाजायचेत अजून."

"अहो, इथे कोणी बघत नाही. काम झालं की जायचं."

"मी बघतेय ना."

"चार मिनिटं तर राहिलीत."

काकूंनी घड्याळावरची नजर काढली नाही. "मी चाळीस वर्षं थांबले," त्या म्हणाल्या. "तू चार मिनिटं थांब."

मी शेजारचं स्टूल ओढलं आणि बसलो.